काड्या धरण्याची 'बरोबर' रीत

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. चॉपस्टिक्स कशा धराव्यात, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पण 'बरोबर' हा शब्द कुठून येतो, हे पाहायला मला तरी याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही.

आधी मान्य रीत बघू. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकवायची. ती हलत नाही. वरची काडी लेखणीसारखी धरायची. हलते ती हीच. त्यामुळे शेंगदाणासुद्धा उचलता येतो. पण घरोघरी कुणी काड्यांची फुली करतो, कुणी मुठीत धरतो. जपानीत मुठीत धरण्याला 'निगिरी-बाशी' म्हणतात आणि ते असभ्य मानलं जातं. जेवण मात्र त्याचंही होतंच!

आता इतिहासात जाऊ. चीनमध्ये आन्यांगजवळ यिन्शू इथे तीन हजार वर्षांहून जुन्या ब्राँझच्या काड्या मिळाल्या. त्या जेवायच्या नव्हत्या, स्वयंपाकाच्या असाव्यात, असं अभ्यासक मानतात. पुढे 'लिजी' या आचारग्रंथात नियम येतो: सारातली भाजी काड्यांनी घ्यावी, भरडधान्याचा भात मात्र काड्यांनी खाऊ नये. तो हातानं खायचा! म्हणजे तेव्हा काड्यांनी भात खाणारा असभ्य. आज तिथेच हातानं भात खाणाऱ्याकडे लोक वळून बघतील. शेजारच्या कोरियात काड्या धातूच्या, पण भात चमच्यानं.

तर मला नियमांचे तीन प्रकार दिसतात. पहिला, उपयोगाचा: खालची काडी स्थिर ठेवा, पकड चांगली बसते. दुसरा, अर्थाचा: जपानात काडीवरून काडीवर घास देत नाहीत, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलून देतात. तिथे मृत्यूची आठवण आहे, ती पाळलीच पाहिजे. तिसरा, नुसत्या सवयीचा. अडचण अशी, की हा तिसरा नेहमी पहिल्या दोघांचे कपडे घालून येतो.

मी स्वतः डावखुरा. लहानपणी पंगतीत डावा हात पुढे गेला की आजी चापट मारायची. चीन-जपानातही डावखुऱ्या मुलांना काड्या उजव्या हातात धरायला लावत. आजीला मी दोष देत नाही. तिच्या लेखी तो शुद्ध-अशुद्धाचा, म्हणजे अर्थाचाच नियम होता. पण तो अर्थ तिनं कधी सांगितला नाही. मला कळलं ते एवढंच, की माझ्यातच काहीतरी चुकीचं आहे. हे मनातून जायला फार वर्षं लागली.

म्हणून सांगतो, ताटावर बसलेल्या मुलाला टोकण्याआधी स्वतःला विचारा, हा नियम तिघांपैकी कुठला? उपयोगाचा असेल तर करून दाखवा. अर्थाचा असेल तर अर्थ सांगा. आणि नुसत्या सवयीचा असेल, तर बाबांनो, त्याला जेवू द्या.