लोखंडावरची अक्षरे

माझ्या पुण्याच्या घरात एकही बंदूक नाही, कधी नव्हतीही. आहेत त्या फक्त चार जाड वह्या. एकोणिसाव्या शतकातल्या शंभरावर जर्मन लष्करी बंदुकांच्या नोंदी त्यांत आहेत. लोक विचारतात, ‘मराठी माणसाला हा नाद कुठून लागला?’ त्याचे उत्तर असे.

मोजमापाची उपकरणे बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या नोकरीमुळे मी अठरा वर्षे जर्मनीत राहिलो. तिथे शेजारच्या गावातील एका वृद्ध संग्राहकाशी ओळख झाली. शाळेत इतिहास शिकवून ते निवृत्त झाले होते. एका खोलीत त्यांनी जुन्या बंदुका परवान्यानिशी ओळीने मांडून ठेवल्या होत्या. पहिल्याच भेटीत मी ‘वा, काय सुंदर आहे!’ असे काहीसे म्हणालो. ते म्हणाले, “तुम्ही मोजणारे आहात ना? मग आधी मोजा आणि लिहून घ्या. सुंदर आहे की नाही ते नंतर पाहू.” पहिली वही मी त्याच आठवड्यात घेतली.

सुरुवात अर्थातच ड्रायझेच्या बंदुकीपासून झाली. योहान निकोलाउस ड्रायझे हा झोमर्डा गावचा कुलूपकार. तरुणपणी तो पॅरिसला जाऊन सॅम्युएल योहानेस पाउली या बंदूककाराच्या हाताखाली शिकला आणि परत आल्यावर अनेक वर्षे खटपट करून त्याने ‘सुईची बंदूक’ सिद्ध केली. ही बंदूक काय होती हे कळायला आपल्याकडची ठासणीची बंदूक डोळ्यांपुढे आणावी. १८५७ मध्ये ज्या काडतुसांवरून आपल्याकडे वणवा पेटला, ती एन्फील्डची काडतुसे दातांनी फाडावी लागत. मग दारू नळीच्या तोंडातून ओतायची आणि गोळी गजाने ठासायची. हे सारे बहुधा उभ्यानेच करावे लागे. ड्रायझेच्या बंदुकीत अख्खे कागदी काडतूस मागच्या बाजूने सरकवत. चाप ओढला की एक लांब सुई काडतुसाचा कागद आणि आतली दारू भेदून गोळीच्या बुडाशी असलेल्या स्फोटक गुलावर आदळे. शिपायाला जमिनीवर पडूनही बार भरता येई. यात दोष होतेच. मागच्या सांध्यातून धूर नि ज्वाला निसटे, आणि दारूच्या आगीत सुई झिजे, म्हणून शिपायाजवळ जादा सुया असत.

प्रशियाच्या राजाने १८४० च्या अखेरीस अशा ६०,००० बंदुका मागवल्या. मात्र सरकारी कागदात तिचे नाव पडले ‘हलकी पर्कशन बंदूक, नमुना १८४१’. पर्कशन बंदूक म्हणजे टोपी लावून उडवायची, तेव्हा सगळीकडे असलेली साधी बंदूक. शत्रूला पत्ता लागू नये म्हणून घेतलेले हे टोपणनाव होते. १४ जून १८४८ रोजी क्रांतीच्या धामधुमीत बर्लिनच्या लोकांनी शस्त्रागार फोडले, त्या लुटीत या गुप्त बंदुकाही बाहेर गेल्या. तरी खरे नाव कागदावर यायला १८५५ उजाडावे लागले. ३ जुलै १८६६ ला क्योनिगग्रेत्सच्या रणांगणावर, ठासणीच्या बंदुका घेऊन आलेल्या ऑस्ट्रियाच्या सैन्यापुढे तिचा प्रताप साऱ्या युरोपने पाहिला.

म्हणजे ज्या वस्तूचे सरकारी नावच मुळात खोटे, तिचा इतिहास केवळ सरकारी कागदांवरून लिहिणारा पहिल्याच पानावर फसणार. वस्तू हातात घेऊन तिच्या कळसूत्राकडे पाहणाऱ्याला मात्र हे नाव क्षणभरही फसवू शकत नाही. “कागद आणि लोखंड समोरासमोर बसवा,” हे आमच्या गुरुजींचे पालुपद होते.

पण लोखंड वाचायलाही शिकावे लागते. ते मी एक मोठी चूक करून शिकलो. ड्रायझेनंतर आलेली १८७१ ची माउझर ही ११ मिलिमीटरची, धातूचे काडतूस वापरणारी, एकेक बार भरायची बंदूक. ओबर्नडॉर्फच्या माउझर बंधूंची ही रचना. तशी एक मी नोंदीसाठी घेतली होती. दस्त्याच्या टोकावरच्या लोखंडी पट्टीवर गंज होता. फोटो स्वच्छ यावा म्हणून बारीक पॉलिश पेपरने मी ती पट्टी घासली. गंजाखाली पलटणीचा शिक्का होता. जर्मन सैन्यात अशा शिक्क्यांची पद्धत ठरलेली असे: आधी रेजिमेंटचा आकडा, मग कंपनीचा, शेवटी त्या कंपनीतल्या शस्त्राचा. रेजिमेंटचा आकडा वाचता आला. पुढचे आकडे माझ्या हाताखाली पुसले गेले होते. ती बंदूक कोणत्या कंपनीत, कितव्या खुंटीवर उभी असे हे शंभर वर्षांच्या गंजाने सांभाळले होते, आणि मी पाच मिनिटांत नाहीसे केले. गुरुजी रागावले नाहीत. “लिहा,” म्हणाले, “कोणी घासले तेही लिहा.” पहिल्या वहीत ती नोंद माझ्या नावासह आहे.

त्यानंतर मी आकड्यांकडे नीट पाहू लागलो. जर्मन कारखान्यांत बंदुकीचा क्रमांक केवळ नळीवर घालून थांबत नसत. तो किंवा त्याचे शेवटचे दोन आकडे लहानसहान भागांवर, अगदी स्क्रूवरही उमटवत. पुढच्या काळात प्रत्येक कारखाना दर वर्षी पुन्हा एकपासून मोजणी सुरू करी, आणि दहा हजारांचा टप्पा संपला की आकड्याला अक्षर जोडी. म्हणून नुसता क्रमांक लिहून ठेवणे व्यर्थ. कारखाना, वर्ष, आकडा आणि अक्षर ही चारही हवीत.

बाजारात सारे आकडे जुळणाऱ्या बंदुकीला चढा भाव मिळतो. त्यामुळे काही जण न जुळणारा भाग काढून दुसरा बसवतात, काही तर खोटे आकडे ठोकतात. वस्तुतः न जुळणारा आकडाच पुष्कळदा बोलका असतो. कुठे तरी दुरुस्ती झाली, कुठे दोन मोडक्या बंदुकांची मिळून एक झाली, कुठे ती दुसऱ्या सैन्याकडे गेली. तो भाग बदलणे म्हणजे दप्तरातले नको असलेले पान फाडणे.

असे एक पान किती महत्त्वाचे असू शकते, ते १८८८ च्या बंदुकीवरून कळते. फ्रान्सने १८८६ मध्ये बिनधुराच्या दारूची लेबेल रायफल काढली, तेव्हा जर्मनीत एका लष्करी आयोगाने घाईने ८ मिलिमीटरची ही बंदूक ठरवली. ती श्पांडाऊ, एर्फुर्ट, डांत्सिग आणि आम्बेर्ग येथील सरकारी कारखान्यांत झाली, तशीच खासगी कारखान्यांतही. त्यांपैकी बर्लिनच्या लुडविग लोवे कंपनीचे मालक ज्यू होते. काही बंदुका फुटल्या, शिपाई जखमी झाले. १८९२ मध्ये हेर्मान आल्वार्ट या ज्यूद्वेष्ट्या प्रचारकाने ‘ज्यूंच्या बंदुका’ अशा नावाचे पत्रक काढले. लोवेने जर्मन सैन्याचा घात करायला मुद्दाम सदोष माल पुरवला, असा त्याचा आरोप. न्यायालयाने त्याला पाच महिन्यांची शिक्षा दिली. पण त्याच डिसेंबरात मतदारांनी त्याला राइशस्टागमध्ये निवडून पाठवले.

आता माझ्या वहीकडे या. या बंदुकांच्या नळीच्या मुळाशी अनेकदा ‘झेड’ हे अक्षर आढळते. नळीतल्या आट्यांची खोली कमी पडली, म्हणून ती पुढे वाढवण्यात आली, त्या बदलाची ही खूण. हे अक्षर लोवेच्या बंदुकांवर आहे, तसेच श्पांडाऊच्या, डांत्सिगच्या नि आम्बेर्गच्या सरकारी बंदुकांवरही आहे. म्हणजे आखणीतले एक मापच बदलावे लागले होते, आणि ते सर्वांनाच बदलावे लागले. कोणत्या धर्माच्या माणसाच्या कारखान्यात नळी घडली याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. खोटा आरोप जाहीर सभांत गाजला; तो खोटा असल्याचा एक पुरावा मात्र पुढे हजारो शिपायांच्या खांद्यावरच होता. वाचायला कोणाला सवड नव्हती. पुढे त्या देशात काय झाले ते आपण जाणतो.

ही गोष्ट आपल्यापासून फार दूरची आहे असेही नाही. ऑटोमन सरकार १८८७ पासून माउझर बंदुका विकत घेत होते आणि पहिल्या महायुद्धात जर्मनीकडच्या १८८८ च्या बंदुकाही तिकडे गेल्या. काहींच्या निशाणीच्या पट्टीवर मूळचे आकडे जाऊन अरबी वळणाचे आकडे आलेले मी पाहिले आहेत. २९ एप्रिल १९१६ ला मेसोपोटेमियात कूत येथे सहाव्या पूना डिव्हिजनने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांच्यासमोरच्या खंदकांतली शस्त्रे कोणत्या गावी घडली, हे त्या सातारा-रत्नागिरीकडच्या शिपायांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्याला ते ठाऊक असायला हरकत नाही.

गुरुजी गेले. मुलांना त्या खोलीत रस नव्हता, त्यात त्यांचा दोष नाही. लिलाव झाला आणि बंदुका चार देशांत पांगल्या. एखादीचा दस्ता नव्याने चकचकीत झाला असेल, एखादीचे आकडे आता ‘जुळत’ही असतील. लिलावापूर्वीचे तीन आठवडे मी रोज संध्याकाळी तिथे बसून उरलेल्या नोंदी पुऱ्या केल्या. शेवटच्या पानावर त्या १८७१ च्या माउझरची पुन्हा एकदा नोंद आहे. तिथे रेजिमेंटच्या आकड्यापुढे मी जागा कोरी सोडली आहे.