सांडपाणी नळांतील अवरोध व दाबपद्धती

मोरी, न्हाणी, हात धुण्याचे पात्र, शौचकूप इत्यादींपासून निघणाऱ्या घरगुती नळांत साचलेला गाळ हवेच्या, पाण्याच्या किंवा निर्वाताच्या दाबाने हलवून मार्ग मोकळा करण्याच्या पद्धती. काठी, सळई किंवा तारेने ढोसून नळ साफ करण्याची यांत्रिक पद्धत आणि दाहक सोड्यासारखी द्रव्ये ओतण्याची रासायनिक पद्धत यांहून त्या वेगळ्या आहेत. यांतील तत्त्वे फार जुनी असून दख्खनच्या पाणीयोजनांत त्यांचा कुशल उपयोग झालेला दिसतो. घरगुती सांडपाण्याकडे मात्र ती फार उशिरा वळली. हे असे का झाले, हा या विषयाच्या इतिहासातील खरा प्रश्न होय.

नळ तुंबण्यास एकच एक कारण क्वचितच असते. तेलकट ओशट थर नळाच्या आतील बाजूस गोठतो, त्यावर केस, चहाचा चोथा, भाताची शिते व साबणाचा साका धरतो आणि नळाचा व्यास हळूहळू कमी होतो. पाण्यात चुना अधिक असल्यास साबणाचा अविद्राव्य साका जास्त तयार होतो. नळ काळ्या कापसाच्या जमिनीतून गेला असेल, तर आणखी एक अडचण उद्भवते. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे नळाचे सांधे सरकतात, उतार बिघडतो आणि खोलगट भागात गाळ बसतो. तापी व पूर्णा यांच्या खोऱ्यातील मुक्ताईनगर (जुने नाव एदलाबाद, जि. जळगाव) परिसरात अशी जमीन विपुल आहे. तेथे दरवर्षी त्याच जागी तुंबणाऱ्या मोरीचे मूळ घरात नसून अंगणाखालच्या सांध्यात असण्याचा संभव असतो, ही गोष्ट दुरुस्ती करणाऱ्याने ध्यानात घ्यावयास हवी.

सिंधू संस्कृतीतील मोहें-जो-दडो येथे झाकलेली विटांची गटारे व त्यांत ठिकठिकाणी गाळ बसण्यासाठी केलेले हौद आढळले आहेत. झाकणे काढून हे हौद उपसले जात असावेत. महाराष्ट्रात नेवासे येथील उत्खननात सातवाहनकालीन वस्तीत भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेले शोषखड्डे मिळाले. अशा रचनेत पाणी दूर वाहून नेण्याऐवजी जागीच जिरवले जाई. म्हणून तुंबलेला मार्ग उघडण्याचा प्रश्न निर्माण होत नसे. खड्डा भरला की दुसरा खणावयाचा, एवढाच उपाय होता.

खानदेशच्या धाब्याच्या घरांतही हीच रीत दीर्घकाळ चालू होती. मोरीचे पाणी परसातील खड्ड्याकडे, एखाद्या केळीच्या अथवा पपईच्या बुंध्याशी किंवा गल्लीतील उघड्या गटारात सोडलेले असे. भांडी राखेने घासली जात, खरकटे गुरांपुढे जाई आणि वापरण्याचे पाणी विहिरीवरून वा नदीवरून आणलेले असल्याने ते मोजकेच असे. मोरीचे भोक तुंबले, तर बांबूची कामटी पुरेशी होई. नळाचे पाणी घरात आले, फरशी व सिमेंट आले, साबणाची भुकटी आली आणि उघडी पन्हळ जाऊन बंद नळ आला, तेव्हा कामटी अपुरी पडू लागली. वळणावळणाच्या नळात ती पोहोचत नाही.

याच प्रदेशाच्या सीमेवर हवा व पाणी यांच्या दाबाचे ज्ञान शतकांपूर्वी व्यवहारात उतरले होते. मुक्ताईनगरच्या ईशान्येस असलेल्या आणि मोगल काळात खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे असलेल्या बुऱ्हाणपूर येथे अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात, सु. १६१५ मध्ये, ‘कुंडी भंडारा’ ही भूमिगत पाणीयोजना झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारातून शहराकडे आणताना वाटेत शंभराच्या आसपास उभ्या विहिरी अथवा कुंड्या ठेवलेल्या आहेत. कुंडीतून भुयारात हवा खेळते, पाणी उपसता येते आणि माणूस उतरून मार्ग तपासू शकतो. येथील पाण्यातील चुन्याचे थर भुयाराच्या भिंतींवर चढून वाट अरुंद होत गेली आहे. घरगुती नळात घडते तेच येथे मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळते.

औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील मलिक अंबरच्या नहरी व पुढे पाणचक्कीसाठी आणलेली नहर यांत मातीच्या बंद नळांतून पाणी दाबाने खेळवले आहे. नळात कोंडलेली हवा पाण्याची वाट अडवते, हे ओळखून तेथे ठिकठिकाणी उंच चुनेगच्ची मनोरे बांधले गेले. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात (१७४०–६१) कात्रजच्या तलावापासून आणलेल्या नळमार्गावरही गाळ बसण्यासाठी व हवा सुटण्यासाठी उभे मार्ग ठेवलेले असून त्यांस ‘उच्छ्‌वास’ असे नाव आहे. आजच्या सांडपाणी नळास जोडलेला वायुवीजन नळ हे वेगळे काय करतो? पण उच्छ्‌वासाची ही कल्पना पेयजलापुरतीच राहिली. घाण पाण्याचा मार्ग साफ करणे हे स्थपतीचे काम मानलेच गेले नाही. ते विशिष्ट जातींच्या माथी मारले गेले. माणूस स्वस्त असला की यंत्राची निकड भासत नाही.

यूरोपात या तत्त्वांचा उलगडा सतराव्या शतकात झाला. इव्हांजेलिस्ता टॉरिचेली यांनी १६४३ मध्ये वातावरणास दाब असतो हे दाखविले. समुद्रसपाटीस हा दाब दर चौ. सेंमी.ला सु. १·०३ किग्रॅ. म्हणजे सु. १०·३ मी. उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. निर्वाताने कितीही ओढले, तरी पाणी याहून वर चढत नाही आणि प्रत्यक्षात सात-आठ मीटरांवरच पंप दमतो. दाबाने ढकलण्यास अशी मर्यादा नाही. निर्वात व दाब यांतील हा भेद पुढील सर्व उपकरणांच्या रचनेत दिसून येतो.

अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये शौचकूपाच्या वक्रनळीचे एकस्व (पेटंट) घेतले. या वळणात सदैव थोडे पाणी उभे राहते व गटारातील दुर्गंधी वायू घरात शिरत नाही. आपल्याकडील न्हाणी ट्रॅप व गल्ली ट्रॅप याच तत्त्वावरचे आहेत. या वळणाने घराचे आरोग्य सुधारले, पण गाळास बसण्याची हक्काची जागाही त्यानेच दिली. रबरी वाटीचे दांडीयुक्त साधन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले ते मुख्यतः या वळणासाठीच.

या साध्या साधनाचे गणित पाहण्यासारखे आहे. वाटीचा व्यास १२ सेंमी. धरल्यास तिचे क्षेत्रफळ सु. ११३ चौ. सेंमी. होते. दांडीवर १० किग्रॅ. भार दिल्यास दर चौ. सेंमी.ला सु. ०·०९ किग्रॅ. म्हणजे सु. ९० सेंमी. उंचीच्या पाण्याइतका दाब निर्माण होतो. ट्रॅपमधील पाण्याचा पडदा बहुधा ५ सेंमी. असतो, त्याच्या मानाने हा दाब अठरापट आहे. मात्र वाटी पाण्यात बुडालेली पाहिजे. वाटीखाली हवा असेल, तर ती दबते व जोर वाया जातो. पाणी जवळजवळ दबत नसल्याने जोर थेट गाळावर पडतो. पात्राच्या वरच्या बाजूचे जादा पाण्याचे भोक ओल्या फडक्याने बंद करणेही अगत्याचे असते. दाबण्याइतकेच ओढणेही उपयुक्त ठरते, कारण उलटसुलट धक्क्यांनी गाळाची पकड सुटते. पुष्कळदा लोक केवळ दाबतात आणि गाळ आणखी पुढे नेऊन घट्ट बसवितात.

हातपंपाने किंवा लहान कुपीतील दाबयुक्त वायूने एकदम झोत सोडण्याची उपकरणेही मिळतात. त्यांचा दाब कित्येक वातावरणांइतका होऊ शकतो. म्हणून जुन्या सांध्यांवर ती जपून वापरावी लागतात. हवेचा झोत कमी विरोधाची वाट धरतो. एकाच उभ्या नळाला अनेक मोऱ्या जोडलेल्या असल्यास तो गाळाऐवजी शेजाऱ्याच्या ट्रॅपमधील पाणी उडवतो. आधी दाहक सोडा किंवा अम्ल ओतले असेल, तर दाबाचे कोणतेही साधन वापरू नये. उडालेल्या थेंबाने डोळा जाऊ शकतो.

शहराच्या पातळीवर संपीडित हवेचा उपयोग आयझॅक शोन यांनी केला. त्यांनी १८७८ मध्ये एकस्व घेतलेल्या यंत्रात ओतीव लोखंडाच्या बंद पात्रात वाहितमल साठतो, पात्र भरताच झडप उघडून संपीडित हवा आत येते व सर्व मल वरच्या नळात ढकलला जातो. लंडनच्या संसद भवनात, रंगूनमध्ये व मुंबईच्या काही भागांतही ही पद्धत योजली गेली. उलट, नेदर्लंड्समधील चार्ल्स लिर्नूर यांनी त्याच शतकात निर्वाताने मल ओढून घेणारी नळयोजना ॲम्स्टरडॅम व इतर काही शहरांत राबविली होती. ती मागे पडली, तरी तिचे तत्त्व विसाव्या शतकात जहाजे, विमाने व पुढे रेल्वेच्या डब्यांतील निर्वात शौचकूपांत पुन्हा अवतरले.

मुंबईत १८६० नंतर भूमिगत गटारांच्या योजना आखल्या गेल्या व वरळीच्या लव्ह ग्रोव्ह येथे उदंचन केंद्र झाले. तरीही १८८८ च्या महापालिका अधिनियमात ‘हलालखोर’ हा शब्द कररचनेसह नांदत होता आणि दोन इमारतींमधील ‘घरगल्ली’ ही सफाई कामगाराच्या येण्याजाण्यासाठी राखलेली होती. शहरात संपीडित हवेचे यंत्र चालत असता चाळीच्या मागील बोळातून माणूस टोपली वाहत होता, हे दृश्य त्या काळाचे यथार्थ चित्र होय. मोठ्या गटारांत बांबूच्या खपाच्या जोडून ढोसण्याची आणि गाळ न सुटल्यास माणूस उतरविण्याची रीत त्यानंतरही दीर्घकाळ टिकली.

या रीतीविरुद्धचा विचार महाराष्ट्रात केवळ अभियंत्यांनी केला असे नाही. अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपणास मिळावे म्हणून अन्नत्याग आरंभिला व येरवड्यात गांधीजींनी त्यांस साथ दिली. कणकवलीजवळील गोपुरीत त्यांनी सोप्या संडासांचे प्रयोग केले. मुंबई सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीविषयी चौकशी समिती नेमली. शासकीय पातळीवर हा प्रश्न मांडण्याचा तो आरंभीचा प्रयत्न होता.

बंद गटारात सेंद्रिय द्रव्य कुजून हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साठतात. हायड्रोजन सल्फाइडाच्या तीव्रतेने घ्राणशक्तीच बधिर होते. म्हणून वास थांबला याचा अर्थ धोका टळला असा होत नाही. एकाला वाचविण्यास उतरलेला दुसराही त्यामुळेच दगावतो. १९९३ चा अधिनियम मुख्यतः कोरड्या शौचकूपांपुरता होता. २०१३ च्या अधिनियमाने गटारे व मलटाक्या यांची संरक्षक साधनांविना सफाई करवून घेणे निषिद्ध ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा मृत्यूबद्दल १० लाख रु. भरपाई ठरविली व ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख रु. केली.

या बंदीस व्यवहारात आधार मिळाला तो उच्च दाबाच्या पाण्याच्या झोताचा. मोटारीवरील पंप दर चौ. सेंमी.ला शंभर किग्रॅ.हून अधिक दाबाने पाणी लवचिक नळीत सोडतो. नळीच्या तोटीची भोके मागच्या दिशेस तिरकी असतात. त्यांतून उसळणाऱ्या पाण्याच्या प्रतिक्रियेने तोटी आपोआप पुढे सरकते आणि सुटलेला गाळ मागे, नळी घातलेल्या चेंबरकडे, वाहत येतो. तेथून तो दुसऱ्या नळीने निर्वात टाकीत ओढला जातो. येथे ढकलणे व ओढणे ही दोन्ही तत्त्वे प्रथमच एका वाहनावर एकत्र आली.

लहान गावांत या वाहनापुढील अडचणी निराळ्या आहेत. मुक्ताईनगर येथे २०१८ मध्ये नगरपंचायतीची पहिली निवडणूक झाली. अशा गावांच्या जुन्या वस्तीतील बोळ मोठ्या वाहनास पुरत नाहीत. तेथे तीनचाकी गाडीवरील लहान पंप अधिक सोयीचा. जेथे सांडपाणी बंद गटारात न जाता मलटाकीतून उघड्या गटारात जाते, तेथे घरमालकाला मोरी तुंबल्यासारखी वाटते आणि प्रत्यक्षात टाकी भरलेली असते. तेव्हा झोत मारून उपयोग नाही, टाकीच उपसावी लागते. तीही निर्वात वाहनाने, माणूस न उतरविता. नवीन घर बांधताना प्रत्येक वळणावर चेंबर किंवा झाकण असलेले सफाईमुख ठेवल्यास झोताची नळी कोठूनही घालता येते. चेंबरवर फरशी बसवून ते झाकून टाकण्याची प्रथा मात्र सर्वत्र आढळते आणि पुढे दुरुस्तीच्या वेळी ते अंदाजाने फोडून शोधावे लागते.