पावणेतीन किलोंचे कोडे : बालपणीच्या लठ्ठपणाचा पुण्यातील शोध

सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफने प्रसिद्ध केलेल्या अहवालातील एक आकडा जगभर बातमीचा विषय झाला. ५ ते १९ वर्षे वयोगटात लठ्ठ मुलांचे प्रमाण (९.४ टक्के) कमी वजनाच्या मुलांच्या प्रमाणापेक्षा (९.२ टक्के) इतिहासात प्रथमच अधिक झाले. उप-सहारा आफ्रिका आणि दक्षिण आशिया हे दोन प्रदेश तेवढे याला अपवाद ठरले.

या अपवादाने भारतात कोणी निश्चिंत व्हावे, अशी स्थिती नाही. २०१६ ते २०१८ या काळात देशात सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झाले. त्यात १० ते १९ वयोगटातील सुमारे २४ टक्के मुले कृश आढळली, तर अतिरिक्त वजनाची मुले जेमतेम ५ टक्के होती. तरीही शाळकरी आणि किशोरवयीन मुलांपैकी सुमारे १० टक्के मुलांच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोहोचलेली होती. लठ्ठपणा एवढा थोडा आणि त्याचे मानले गेलेले दुखणे एवढे मोठे, हे कसे? या कोड्याची उकल ज्या संशोधनाने सुरू केली, त्याचा मोठा भाग पुण्यात आणि पुण्याजवळच्या सहा खेड्यांत घडला.

त्याआधीचा काळ वजनकाट्याचा होता. दुष्काळ आणि टंचाई यांच्या आठवणी ताज्या असलेल्या समाजात गुटगुटीत बाळ हे सुखाचे लक्षण मानले जाई. सुदृढ बालक स्पर्धांत बक्षीस मिळे ते अशाच बाळाला. १९७०च्या दशकात पोषणाविषयी जो वाद गाजला, तोही कमतरतेचाच होता. सातारा जिल्ह्यात जन्मलेले थोर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे असे की, भारतीय गरिबाच्या ताटातली खरी उणीव प्रथिनांची नसून एकूण उष्मांकांची आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडीतील काटा व वाढीचा तक्ता गावोगावी पोहोचला. त्या काट्याने असंख्य मुलांची उपासमार वेळीच दाखवून दिली, हे त्याचे ऋण मोठे आहे. मात्र काटा फक्त वजन सांगतो. त्या वजनात स्नायू किती आणि मेद किती, हे त्याला सांगता येत नाही.

कोड्याचा पहिला धागा इंग्लंडमध्ये सापडला. हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली परिचारिकांनी नवजात बालकांची वजने नोंदवहीत लिहून ठेवली होती. साउथॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी यांनी या वह्या शोधून काढल्या आणि ती बालके मोठेपणी कशाने आजारी पडली, याचा माग घेतला. जन्मतः आणि पहिल्या वर्षी ज्यांचे वजन कमी होते, त्यांना उतारवयात हृदयविकार आणि मधुमेह अधिक होत होता. गर्भातली टंचाई शरीर विसरत नाही, असा त्याचा अर्थ होता. कमी वजनाची बालके जेथे घरोघरी जन्माला येतात, त्या भारताला हा निष्कर्ष सर्वाधिक लागू पडणार, हे उघड होते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा धागा उचलला. त्याच रुग्णालयात जन्मलेल्या ३७९ मुलांची चौथ्या वर्षी तपासणी करण्यात आली. जन्मवजन कमी असलेल्या मुलांच्या रक्तात साखर आणि इन्सुलिन यांची पातळी त्या कोवळ्या वयातही वाढलेली दिसली. पुढे ही आणि आणखी काही अशी ४७७ मुले आठ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली गेली, आणि १९९९ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो आजच्या प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावा असा आहे. सर्वाधिक धोका सरसकट लठ्ठ मुलांना नव्हता. जी जन्मतः हलकी होती आणि आठव्या वर्षापर्यंत अंगाने भरली होती, त्यांना तो होता. आईबापांना ज्याचे कौतुक वाटते, ते उशिरा धरलेले बाळसे या मुलांच्या बाबतीत धोक्याची सूचना होते.

मग प्रश्न आणखी मागे गेला : अशी बालके जन्मतः असतात तरी कशी? केईएमचे खेड्यांशी नाते जुने होते. डॉ. बानू कोयाजी यांनी वढू येथे ग्रामीण आरोग्यसेवेचे काम उभारून त्याचा पाया घातला होता. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता-पोषणाचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. विवाहित स्त्रियांची मोजमापे गर्भधारणेपूर्वीच घेण्यात आली, गरोदरपणातील आहार आणि कष्ट यांची नोंद झाली आणि बाळ जन्मताच त्याचीही बारकाईने मापे घेतली गेली. त्या माता सरासरी एकवीस वर्षांच्या आणि सुमारे ४५ किलो वजनाच्या होत्या. त्यांची ६३१ बालके साउथॅम्प्टनच्या ३३८ बालकांशी ताडून पाहिली, तेव्हा इंग्रज बाळाचे सरासरी वजन साडेतीन किलो भरले आणि पुण्याकडील बाळाचे २.७ किलो, म्हणजे पावणेतीनच्या आतच.

इथवर अपेक्षेप्रमाणेच होते. आश्चर्य पुढे होते. या लहानग्यांचे पोट आणि दंड इंग्रज बाळांच्या तुलनेत फारच बारीक होते, परंतु खांद्याच्या पात्याखाली त्वचेची घडी मोजली तेव्हा तेथील मेदात फारशी तूट दिसली नाही. टंचाईच्या काळात गर्भाने स्नायू आणि पोटातील अवयव यांत काटकसर केली होती आणि मेदाची शिदोरी मात्र सांभाळली होती. २००३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि ‘कृश-मेदुर भारतीय बाळ’ ही कल्पना वैद्यकशास्त्रात रूढ झाली. रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायू वापरतात. स्नायूंचे भांडवलच तोकडे असेल, तर पुढे थोडासा वाढलेला मेदही शरीराला जड जातो.

याचे एक गमतीदार प्रात्यक्षिक २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय नेमका २२.३ होता. क्ष-किरणांनी शरीरातील मेद मोजला, तेव्हा युडकिन यांच्या अंगी तो ९.१ टक्के निघाला आणि याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के. काट्यावर आणि मोजपट्टीवर समान असलेली दोन शरीरे आतून इतकी निराळी होती.

त्याच वर्षी दिल्लीतील एका दीर्घ अभ्यासाने याला दुजोरा दिला. १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या १,४९२ जणांची बालपणापासूनची वजने आणि उंची उपलब्ध होती. तिशीच्या आसपास ज्यांना मधुमेह झाला किंवा होऊ घातला होता, ते पहिली दोन वर्षे कृश होते आणि नंतर बारा वर्षांपर्यंत त्यांचा बीएमआय सतत चढत गेला होता. तरीही बाराव्या वर्षी त्यांच्यापैकी एकही जण रूढ व्याख्येने लठ्ठ नव्हता. शाळेच्या तपासणीत असे मूल ‘ठीक आहे’ या शेऱ्यासह पुढे सरकले असते.

पुण्याच्या गावांनी ताटाकडेही लक्ष वेधले. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे मोठी होती. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. २००८ मध्ये असे दिसले की, ज्या मातांच्या रक्तात ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. यावरून फोलिक आम्लाच्या गोळ्या टाकून द्याव्यात असे नव्हे, कारण त्या बाळाच्या मज्जासंस्थेतील जन्मजात व्यंगे टाळतात. जोडीला ब-१२ हवे, एवढाच त्याचा बोध. म्हणूनच २०१२ पासून, या अभ्यासात जन्मलेली मुले-मुली किशोरवयात आल्यावर, त्यांच्यापैकी ५५७ जणांना घेऊन ब-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. पुढच्या पिढीची काळजी तिच्या आईबापांच्या पौगंडावस्थेतच घेण्याचा हा प्रयत्न होता.

मुंबईच्या वस्त्यांत २००६ पासून चाललेल्या ‘सरस’ प्रकल्पात ६,५१३ स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोजचा एक खाऊ देण्यात आला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध होते, तर दुसऱ्याच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखे साधे घटक होते. सर्व बाळांच्या सरासरी वजनात ठळक फरक पडला नाही. मात्र ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला होता, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली, आणि चाचणी झालेल्या स्त्रियांत गरोदरपणीच्या मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के राहिले. अतिकृश स्त्रियांच्या बाळांना वजनाचा हा लाभ मिळाला नाही. जन्मभराची झीज काही महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही.

आज उपाययोजनांचा रोख शाळेकडे आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्राने शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करण्याचा आदेश काढला. २०२०च्या केंद्रीय नियमांनी अतिमेद, अतिमीठ आणि अतिसाखरेच्या पदार्थांची विक्री शाळेत व तिच्या भोवतीच्या ५० मीटरांत निषिद्ध केली. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. हे सारे आवश्यकच आहे, कारण जन्मवजन म्हणजे विधिलिखित नव्हे. आठ वर्षांच्या त्या पुणेरी मुलांत धोका वाढला तो हलका जन्म आणि नंतरचा मेद एकत्र आले तेव्हा. यांतील दुसरी गोष्ट मैदान, झोप, घरचे जेवण आणि शाळेचा डबा यांच्या हातात आहे.

पहिली गोष्ट मात्र मुलाच्या हातात कधीच नव्हती. म्हणून ‘जाड्या’ म्हणून हिणवले जाणारे मूल आणि ‘हडकुळे’ म्हणून जबरदस्तीने भरवले जाणारे मूल, दोघांवरही अन्याय होतो. ज्या शरीराबद्दल त्यांना बोल लावला जातो, त्याची घडण त्यांच्या जन्माआधी एका पंचेचाळीस किलोंच्या, बहुधा सर्वांच्या मागून जेवणाऱ्या स्त्रीच्या पोटी सुरू झालेली असते. भारतीय मुलांचा लठ्ठपणा रोखायचा असेल, तर मुलाच्या डब्याइतकीच त्याच्या बहिणीच्या ताटाचीही चौकशी व्हायला हवी.