सुमनताई पाटील : आबांच्या माघारी साडेनऊ वर्षं आमदारकी

मिरज : मिरज तालुक्याला लागूनच तासगाव-कवठेमहांकाळ मतदारसंघ आहे. २०१५ ते २०२४ इथल्या आमदार होत्या सुमनताई आर. आर. पाटील. आवाज न चढवता, कुणावर चिखलफेक न करता राजकारण करणाऱ्या, अशी त्यांची ओळख.

सुरुवात कशी झाली?
अंजनीचे आर. आर. (आबा) पाटील १९९० पासून सलग सहा वेळा निवडून आले. १६ फेब्रुवारी २०१५ ला त्यांचं निधन झालं. तोवर घर सांभाळणाऱ्या सुमनताईंना राष्ट्रवादीनं पोटनिवडणुकीत उभं केलं. मोठ्या पक्षांनी उमेदवार दिला नाही. ताई १,१२,९६३ मतांनी निवडून आल्या.

सहानुभूतीच होती का?
२०१५ ला होतीच. पण २०१९ ला लढत खरी होती. समोर शिवसेनेचे अजितराव घोरपडे. याच घोरपडेंविरुद्ध २०१४ ला आबा सुमारे २२ हजारांनी जिंकले होते. ताईंचं मताधिक्य ६० हजारांच्या वर गेलं. नुसत्या सहानुभूतीवर चार वर्षांनी एवढी मतं पडत नाहीत.

पाण्याचा प्रश्न
हा भाग द्राक्षाचा आणि दुष्काळाचाही. म्हैसाळला (ता. मिरज) कृष्णेचं पाणी उचललं की कवठेमहांकाळचं शिवार भिजतं. वीजबिल थकलं की पंप बंद, अन् बागायतदाराचा जीव टांगणीला. सावळज भागातली काही गावं तर टेंभू योजनेबाहेरच होती. त्यांच्यासाठी २ ऑक्टोबर २०२३ ला सुमनताई मुलगा रोहित यांच्यासह सांगलीत जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषणाला बसल्या. एरवी शांत असणाऱ्या ताई रस्त्यावर आल्या त्या पाण्यासाठी.

पक्षफुटीनंतर
२०२३ ला राष्ट्रवादी फुटली. ताई शरद पवारांसोबत राहिल्या. २०२४ ला स्वतः न लढता रोहित यांना पुढं केलं. माजी खासदार संजयकाका पाटील यांना हरवून ते २५ व्या वर्षी आमदार झाले.

मागं काय उरलं?
१९९० पासून आमदारकी एकाच घरात आहे, हा आक्षेप खोटा नाही. पण आपल्याकडं निम्म्या जागांवर बायका सरपंच, सदस्य होतात आणि कारभार बऱ्याचदा घरातला पुरुषच बघतो. अशा गावांना ताईंकडून घेण्यासारखं एकच : खुर्ची कुणामुळं का मिळेना, आपल्या मागणीसाठी स्वतः जाऊन बसावं लागतं.