दोन उन्हाळे आणि एक सफारी

सोलापूरकराला उन्हाचं कौतुक सांगायला कुणी जाऊ नये. एप्रिल सरता सरता पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो आणि दुपारी नवी पेठेत कुत्रीसुद्धा दुकानाच्या पायरीखाली शिरतात. त्यामुळे मस्कत, दुबई, दोहा अशा ठिकाणी नोकरी लागलेला इथला माणूस माप द्यायला उभा राहिला, की त्याचं एक वाक्य ठरलेलं असायचं : "मास्तर, ऊन काय आपल्याला नवीन नाही." बहुतेकांचं कापड या वाक्यावरच फसायचं.

मी कटिंग मास्टर. जातीनं पद्मशाली, म्हणजे विणकर. घरात तेलुगू, दुकानात मराठी आणि अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं की कानडी. वडिलांचा जन्म मागावर गेला, माझा कात्रीवर. कापड कसं होतं ते त्यांनी शिकवलं, ते अंगावर कसं वागतं ते गिऱ्हाइकांनी.

आपलं ऊन कोरडं. घाम येतो तसा उडून जातो आणि उडताना अंग गार करतो. सदरा काढला तर पाठीवर मिठाची रेघ तेवढी दिसते. आखाती शहरांत ऑगस्ट-सप्टेंबरात पारा आपल्या मे महिन्याइतकाच, कधी त्याहून कमीही असतो, पण हवा समुद्राच्या वाफेनं भरलेली. कचेरीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं धरतं. तिथं घाम उडत नाही, कापडात मुरतो आणि कापड पाठीला चिकटतं.

गंमत अशी, की ही दमट उष्णता सोलापुरात होतीच. गिरण्यांच्या भिंतीआड होती.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आमची जुनी गिरणी, १८७७ साली सुरू झाली. पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी आल्या. कापूस पिकायला आणि साठवायला आमची कोरडी हवा चांगली, पण विणायला वाईट. सुती धागा ओलसर हवेत मजबूत राहतो, कोरड्या हवेत तुटतो. धागा तुटला की माग थांबतो आणि माग थांबला की विणकराची मजुरी थांबते. म्हणून विणाई खात्यात मुद्दाम पाण्याची वाफ सोडून हवा ओली ठेवत. बाहेर मे महिन्याचा कोरडा वणवा आणि आत, शेकडो मागांच्या खडखडाटात, भर समुद्रकाठचा घामट उन्हाळा. वडील आत शिरताना पैरण खुंटीला अडकवत आणि बंडीवर काम करत. ती बंडीही ढगळ, काखेत सैल, जुन्या मांजरपाटाची, धुऊन धुऊन विरळ झालेली. जाड कापडाचा तिथं काही उपयोग नाही, असं ते म्हणत. बाहेर उन्हात मात्र हेच वडील जाड धोतर, पूर्ण बाह्यांची पैरण आणि डोक्याला पटका असे निघायचे. दोन उन्हाळे, दोन पोशाख. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला हे पक्कं कळत होतं.

ही जुनी गिरणी १९४९ साली बंद पडली. सरकारनं वटहुकूम आणि मग १९५० चा कायदा करून तिचा कारभार ताब्यात घेतला, त्यावर भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. द्वारकादास श्रीनिवास खटला म्हणून वकिलीची पोरं आजही तो शिकतात. माझ्याकडे काळा कोट शिवायला येणाऱ्या नव्या वकिलांना मी हे आवर्जून सांगायचो. त्यांना कलम पाठ असायचं, गिरणी कुठल्या गावात होती हे नसायचं. पण त्या काळ्या कोटाचंच बघा. खालच्या कोर्टांत उन्हाळ्यात तो घालण्याची सक्ती नाही, बार कौन्सिलच्या नियमातच ती सवलत आहे. तरी मे महिन्यात कोट शिवून घेणारे कमी होत नसत.

कचेरीतला कपडा हवेकडे बघून ठरत नाही, वरच्या खुर्चीकडे बघून ठरतो. इंग्रजी अमलात कारकुनाच्या अंगावर धोतर, बंद गळ्याचा कोट, उपरणं आणि डोक्यावर पगडी किंवा रुमाल. अशी कचेरी समुद्रापलीकडेही होती. १८३९ साली इंग्रजांनी अरबस्तानातलं एडन बंदर घेतलं आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांना कैदेत ठेवलं ते याच एडनला आणि १८८३ साली ते तिथंच वारले. आपल्याकडे एडन म्हणजे तुरुंग एवढंच माहीत, पण तिथं मुंबई सरकारच्या कचेऱ्याही होत्या. आखातातही १९५९ पर्यंत आपलाच रुपया चाले. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेनं तिकडच्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या. म्हणजे आपल्या माणसाला तिकडची कचेरी नवी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर बुशशर्ट आला आणि कोट सुटला. कारकुनाच्या अंगावरून एक अख्खा थर उतरला. पण ही सुटका फार टिकली नाही. टेरिलिन, म्हणजे पॉलिएस्टर, आणि मग ते सुतात मिसळलेलं टेरिकॉट आलं. धुवा, झटका, घाला, इस्त्रीची कटकट नाही. सुती कापड शिवण्याआधी रात्रभर भिजवावं लागे, नाहीतर पहिल्याच धुण्यात आखडे. टेरिकॉटनं तेही काम वाचवलं. पण कापूस हवेतली ओल आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास धरतो आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. कोरड्या हवेत याचा त्रास कमी होतो. दमट हवेत तो दुपारपर्यंत कळतो.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि गल्फची दारं उघडली. तेव्हा गाजत होता सफारी सूट. आमच्याकडं चाटी गल्लीतून सूटिंगचा कपडा घ्यायचा आणि नवी पेठेत शिवायला टाकायचा, अशी रीत होती. पासपोर्ट आला की पहिला खर्च ट्रंकेचा, दुसरा सफारीचा. काही जण विमानानं जात. ज्यांना ते परवडत नसे ते मुंबईहून द्वारका बोटीनं जात. ती बोट १९८२ पर्यंत चालू होती. लक्ष्मी-विष्णूत टाइमकीपर असलेला, हिशेब येणारा, टायपिंगची परीक्षा झालेला, असा माणूस तिकडं स्टोअरकीपर किंवा अकाउंटंट म्हणून लागे. इथं त्याला कुणी साहेब म्हणत नसे. सफारी घातला की तो आरशासमोर जरा जास्त वेळ उभा राहायचा.

आता सफारी शिवणारा म्हणून सांगतो, दमट हवेसाठी याहून वाईट कपडा मुद्दाम ठरवूनही सुचणार नाही. चार खिसे, चारही झाकणाचे. म्हणजे छातीवर आणि पोटावर कापड दुहेरी, झाकणापाशी तिहेरी. कॉलरमध्ये बक्रम. कंबरेला बेतलेला, म्हणजे खालून हवा शिरायला वाट नाही. वर टेरिकॉट किंवा पॉलिएस्टर-लोकरीचं टेरिवूल. मी म्हणायचो, खालचे दोन खिसे काढू, पाठीत चुणी घालू, काखेत अर्धा इंच सोडू. उत्तर यायचं, "चार खिसे नसतील तर सफारी कसला, मास्तर?" शिवणारा सल्ला देतो, पैसे गिऱ्हाईक देतं. शिवला.

मस्कतला गेलेल्या एका गिऱ्हाइकाचं पत्र दुकानावर आलं होतं. शेळगीकडचा माणूस, हिशेबनीस. घरच्यांना चाललेल्या पाकिटात आमच्यासाठी एक चिठोरी. मजकूर एवढाच, की सफारी बसपर्यंत जाईतो पाठीला चिकटतो आणि कचेरीत एसीखाली तोच ओला सफारी बर्फासारखा लागतो. गावाकडून येणाऱ्या माणसाबरोबर पूर्ण बाह्यांचे दोन सुती शर्ट पाठवा, एक माप मोठे. त्यातलं "एक माप मोठे" मी वडिलांना वाचून दाखवलं. ते हसले आणि तंबाखू मळत राहिले.

सैलपणा ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि अरबांना ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्यांचा कंदुरा, म्हणजे पायघोळ झगा, खांद्यावर टेकतो आणि खाली कुठंही अंगाला लागत नाही. वाळवंटातले बदू तर काळे झगे घालतात. काळा रंग ऊन जास्त ओढतो, मग हे का, हा प्रश्न काही शास्त्रज्ञांनी तपासला आणि १९८० साली 'नेचर'मध्ये उत्तर छापलं. काळ्या झग्यानं जास्त ओढलेली उष्णता कातडीपर्यंत पोचतच नाही, झगा सैल असल्यानं मधली हवा ती बाहेर घेऊन जाते. म्हणजे रंगापेक्षा माप महत्त्वाचं. शिंप्याला हे ऐकून बरं वाटणारच. सैल जमत नसेल, तर निदान थर कमी करावेत. जपान सरकारनं २००५ साली तर कचेऱ्यांना सांगितलं, एसी अठ्ठावीसवर ठेवा आणि टाय-कोट काढा. तिथं वरच्या खुर्चीनंच आधी कोट उतरवला, म्हणून खालच्यांना जमलं.

दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही, ती लोकरीची. लोकर म्हणजे स्वेटर, असं आपल्या डोक्यात बसलंय. पण साध्या, मोकळ्या विणीची पातळ लोकर पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी जास्त ओल पिते, चुरगळत नाही आणि एसीत गारठू देत नाही. ज्याला रोज कोट घालावाच लागणार आहे, त्यानं टेरिवूल सोडून हे घ्यावं. महाग आहे, हे खरं.

गिरण्या एकेक करून गेल्या. आमच्या गल्लीत ज्यांच्या घरी माग होते त्यांच्या पुढच्या पिढीनं शिलाई मशिनी मांडल्या, मीही दुकान सोडून युनिफॉर्मच्या कारखान्यात कापणीला लागलो. शाळा, दवाखाने, हॉटेलं, सिक्युरिटी, सगळ्यांचे कपडे इथं शिवले जातात. २०१७ साली सोलापुरात युनिफॉर्मचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हापासून बाहेरचे खरेदीदार इथली वाट ओळखतात. आखाताच्या ऑर्डरी येतात त्यात कापडाचं वजन दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. कचेरीच्या शर्टाला एकशेवीसच्या आसपास, बाहेर काम करणाऱ्याच्या अंगभर कपड्याला त्याच्या दुप्पट. आत एसीत बसणाऱ्याला पातळ आणि उन्हात उभ्या राहणाऱ्याला जाड. ठिणगी, पत्रा, तेल यांपासून जपायला जाड लागतं, हे मला कळतं. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घ्यायला बंदी आहे, तीही चांगलीच. पण ते कापड थरावर थर लावून कापताना दर वेळी मला विणाई खातं आठवतं आणि वाटतं, काखेत जाळीचा तुकडा टाकायला काय खर्च येतो? दोनदा सुचवून पाहिलं. नमुन्यात नाही, म्हणाले.

मागच्या वर्षी पुतणी दोह्याला गेली, इंजिनियर आहे. आमच्या घरातून ऑफिसच्या कपड्यांचा सल्ला मागणारी पहिली बाई तीच. सफारीच्या जमान्यात बायकांचं माप घ्यायची वेळ आली नव्हती. कंपनीनं कळवलं होतं, फॉर्मल हवं, खांदे आणि गुडघे झाकलेले. तिनं सरळ मॉलमधून चार टाइट पँटी आणल्या होत्या. मी दोन परत करायला लावल्या, त्यांच्या जागी सुती-लिननच्या सरळ पायाच्या दोन शिवल्या. वर गुडघ्यापर्यंतचे कुर्ते, बाही मनगटाच्या चार बोटं वर, कडेला चीर कंबरेपर्यंत. एसीसाठी मलमलीची ओढणी सांगितली, जी घडी करून पर्समध्ये मावते. लिनन चुरगळतं म्हणून ती कुरकुरली. म्हटलं, तिकडं सगळ्यांचंच चुरगळतं.

जॅकेट तिथंच घेते, म्हणाली. घे म्हटलं, पण आत हात घालून अस्तर बघ. पूर्ण अस्तर असेल तर ठेवून दे. खांद्यापासून पाठीच्या निम्म्यापर्यंतच असेल, तर घे.