भिजणारी टोपी आणि न विरघळणारी लाख : बूढापारा, रायपूर येथून एका वस्तूचा इतिहास

१. प्रस्तावना

रायपूर शहरातील बूढापारा ही बूढा तलावाच्या काठची जुनी वस्ती आहे. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आले आणि त्यांच्याबरोबर मराठी बोलणारी कुटुंबेही या भागात आली. १८१८ नंतर ब्रिटिश देखरेखीच्या काळात कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. पुढे स्वामी विवेकानंद म्हणून प्रसिद्ध झालेला नरेंद्रनाथ १८७७ ते १८७९ या काळात आपल्या कुटुंबासह बूढापाऱ्यात राहिला. रायपूरपर्यंत तेव्हा रेल्वे आलेली नव्हती. प्रवासाचा शेवटचा मोठा टप्पा बैलगाडीने करावा लागे.

कचेऱ्या, शाळा आणि वकिली वाढली, तशी या शहरात डोक्यावर घालायच्या वस्तूंची विविधताही वाढली. पागोटे, फेटा, पगडी आणि गोल टोपी होतीच. त्यांच्या जोडीला साहेबाची सोला टोपी आणि फेल्ट हॅट आली. रायपुरात वर्षाला सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. लंडनमध्ये याच्या साधारण निम्मा पाऊस पडतो आणि तोही वर्षभर विखरून. तिकडच्या हवेसाठी घडलेली फेल्ट हॅट पावसात टिकवायची कशी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण त्याचे उत्तर शोधत गेलो की आपण रायपूरच्या आसपासच्या जंगलात, पळसाच्या आणि कुसुमाच्या झाडाखाली येऊन पोहोचतो. तो प्रवास या टिपणात पाहू.

२. फेल्ट म्हणजे काय आणि ते पाण्यात का बिघडते?

फेल्ट म्हणजे न विणलेले लोकरी कापड. मराठीत त्याला नमदा म्हणतात. अशा जाड लोकरी आसनाला व पांघरुणाला बुरणूस असाही शब्द आहे. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. ऊब, ओलावा, साबण आणि सतत मळणे या चार गोष्टी एकत्र आल्या की तंतू एकमेकांत सरकतात. खवल्यांमुळे त्यांना मागे फिरता येत नाही आणि सगळा पुंजका घट्ट होत जातो. ही क्रिया उलटवता येत नाही. उंची फेल्ट हॅट लोकरीऐवजी सशाच्या किंवा बीव्हर या प्राण्याच्या मऊ केसांची असे. तिचे तत्त्वही हेच.

आता अडचण लक्षात येईल. ज्या ओलाव्याने आणि उष्णतेने नमदा घडतो, त्यांनीच तो पुन्हा आक्रसतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा शोषून घेते, तरी हाताला फारशी ओली लागत नाही. मात्र टोपी पूर्ण भिजली की तिचा काठ लोंबतो आणि माथा बसतो. ओली टोपी चुलीजवळ वाळवली तर ती लहान होते आणि डोक्यात जात नाही. कापड टिकले तरी आकार जातो, आणि टोपीची किंमत मुख्यतः तिच्या आकारात असते.

३. इथली जुनी उत्तरे : घोंगडी, इरले, खुमरी

पावसाची सवय असलेल्या समाजांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. महाराष्ट्रातील धनगर मेंढपाळ लोकरीची घोंगडी वापरतात. पावसात तिची खोळ करून ती डोक्यावरून घेतली की डोके, पाठ आणि खांदे एकदम झाकले जातात. घोंगडीच्या लोकरीत मेंढीच्या अंगची चरबी बरीचशी राहिलेली असते, त्यामुळे पाणी वरून ओघळते. तिला चिंचोक्याची खळ देतात. ही खळ पाण्याने हळूहळू सुटते, पण त्याने फार बिघडत नाही, कारण घोंगडीला ठरावीक आकार राखायचा नसतो.

कोकणात भातलावणीच्या वेळी इरले वापरत. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पळसाची किंवा इतर रुंद पाने अशी त्याची रचना असे. वाकून काम करणाऱ्याची पाठ त्याखाली कोरडी राही. छत्तीसगडात गुराखी आणि शेतकरी बांबूची पसरट, शंकूसारखी खुमरी घालतात. इरले किंवा खुमरी मोडली तर गावातच नवी मिळे.

पागोटे किंवा फेटा भिजला तर पिळून, वाळवून पुन्हा बांधता येतो. बांधून तयार ठेवलेल्या पगडीचे तसे नसते. ती एकदा भिजून बिघडली की कारागिराकडेच न्यावी लागते. म्हणजे वस्तूने माणसाला जपायचे की माणसाने वस्तूला, हा फरक फेल्ट हॅट येण्याच्या आधीपासून आपल्याकडे होता. शेतात राबणाऱ्याचे शिरस्त्राण त्याला पावसापासून वाचवी. मानाच्या शिरस्त्राणाला मात्र माणसानेच पावसापासून वाचवायचे असे.

४. साहेबाची टोपी

वसाहती काळातील भारतात युरोपीय माणसाची ओळख ठरली ती सोला टोपी. ‘सोला’ हा शब्द शोला या पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतीवरून आला. तिच्या पांढऱ्या, हलक्या गाभ्याची टोपी उन्हाला उत्तम, पण पाण्यात तो गाभा मऊ पडे. म्हणून तिच्यावर मेणकापडासारखे पाणी न झिरपणारे आवरण चढवावे लागे, किंवा बुचाच्या सालीची अधिक टिकाऊ टोपी घ्यावी लागे.

दुसरा पर्याय फेल्टचा होता. हिमालयाच्या पायथ्याच्या तराई प्रदेशावरून नाव पडलेली ‘तराई हॅट’ ही एकात एक बसवलेल्या दोन फेल्ट टोप्यांची असे. ती मळेवाल्यांत आणि गुरखा पलटणींत रूढ झाली. विसाव्या शतकात फेल्ट हॅट शहरी भारतीयांच्या डोक्यावरही दिसू लागली. ती पावसाच्या सरीत लगेच लोळागोळा होत नसे. याचे कारण केवळ लोकरीत नव्हते.

५. सरसापासून लाखेपर्यंत

युरोपातील टोपीवाले फेल्टला ताठपणा देण्यासाठी पूर्वी सरस आणि डिंक वापरत. हे दोन्ही पाण्यात विरघळतात. जोरदार पावसात अशा टोपीतील सरस सुटे आणि टोपी ढिली पडे. एकोणिसाव्या शतकात या कामासाठी लाख सर्रास वापरली जाऊ लागली.

लाख साध्या पाण्यात विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. टाकणखार किंवा अमोनिया घातलेल्या गरम पाण्यातही ती विरघळते. टोपीवाले या दोन्ही रीतींनी लाखेचे द्रावण करून फेल्टमध्ये मुरवत. स्पिरिट उडून गेले किंवा पाणी वाळले की प्रत्येक तंतूभोवती लाखेचा पातळ थर उरे. गरम वाफेवर ही लाख मऊ होई, तेव्हा लाकडी साच्यावर टोपीला आकार देता येई. थंड होताच तो आकार पक्का होई. लंडनमध्ये १८४९ साली तयार झालेली ‘बोलर’ ही घुमटाकार कडक टोपी याच तंत्रावर उभी होती. आपल्याकडे सुतार लाकडाला पॉलिश करण्यासाठी जी चपडी स्पिरिटमध्ये भिजवतो, तीच ही लाख.

६. छत्तीसगडच्या झाडावरची लाख

लाख हा झाडाचा डिंक नव्हे. एक सूक्ष्म कीटक कोवळ्या फांदीवर बसून रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच तयार करतो. ऊन, पाऊस आणि शत्रू यांपासून ते त्याचे संरक्षण असते. कीटकाने स्वतःसाठी केलेले हे पावसाळी कवच माणसाने टोपीसाठी वापरले.

छत्तीसगडात पळस, बोर आणि कुसुम (मराठीत कोशिंब) ही लाखेची मुख्य झाडे आहेत. पळस व बोरीवरील लाखेला रंगीनी आणि कुसुमावरील लाखेला कुसुमी म्हणतात. रंगीनीची दोन पिके : बैसाखी आणि कतकी. कतकी पीक आषाढाच्या सुमारास झाडावर चढते आणि कार्तिकाच्या सुमारास उतरते, म्हणजे ते ऐन पावसाळ्यात वाढते. कुसुमीची पिके अगहनी आणि जेठवी.

फांद्या तोडून लाख खरवडतात. ती कुटून व धुऊन लाखदाणा करतात. जुन्या पद्धतीत हा दाणा लांबट कापडी पिशवीत भरून भट्टीसमोर तापवत आणि पिशवी पिळत. बाहेर आलेली वितळलेली लाख पसरून, कारागीर हात, पाय आणि दात यांनी ताणून तिचा पातळ पापुद्रा करीत. तो चपडा.

लाख आपल्याला प्राचीन काळापासून माहीत आहे. महाभारतातील लाक्षागृहाची कथा सर्वांना ठाऊक आहे. मध्य प्रांतात लाखेच्या बांगड्या करणारी लखेरा ही जात होती. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जाती-जमातींवरील ग्रंथात तिची नोंद आहे. युरोपीय व्यापाऱ्यांना आधी लाखेतील लाल रंग हवा होता. १८५६ नंतर कृत्रिम रंग आले आणि त्या रंगाची मागणी ओसरली. मग पूर्वी दुय्यम असलेली राळ हाच मुख्य माल ठरला.

दळणवळणानेही मोठा फरक पडला. १८९१ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेचा नागपूर ते आसनसोल मार्ग पूर्ण झाला आणि रायपूरची वाट कलकत्त्याच्या बंदराकडे मोकळी झाली. १९०० मध्ये रायपूर-धमतरी हा अरुंद मार्ग सुरू होऊन दक्षिणेकडील जंगलपट्टा जोडला गेला. पश्चिमेला गोंदिया येथे लाखेचे कारखाने उभे राहिले. एखाद्या टोपीतील लाख नेमक्या कोणत्या झाडाची, हे सांगता येत नाही. पण जगाच्या बाजारातील लाखेचा फार मोठा वाटा भारताचा होता आणि छत्तीसगड हा तिच्या प्रमुख प्रदेशांपैकी एक होता.

७. भिजलेल्या टोपीची निगा

लाखेचा गुणधर्म कळला की फेल्ट हॅट जपण्याचे जुने नियम आपोआप उलगडतात.

(अ) भिजलेली टोपी झटकून मऊ कापडाने टिपावी, घासू नये. ओले तंतू घासल्याने आणखी गुंततात.

(आ) आतली चामड्याची पट्टी बाहेर उलटवावी, माथ्यात कोरा कागद भरावा आणि टोपी माथ्यावर उलटी ठेवावी. काठावर ठेवली तर काठ वाकडा होतो.

(इ) ती सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. चूल, शेगडी किंवा कडक ऊन टाळावे, कारण उष्णतेने लोकर आक्रसते आणि लाख मऊ पडते.

(ई) पूर्ण वाळल्यावरच केसांच्या दिशेने ब्रश फिरवावा. आकार बिघडला असेल तर किटलीच्या वाफेवर धरून हाताने बसवावा. याचा अर्थ, आतली लाख पुन्हा मऊ करून थिजवायची.

(उ) डाग काढायला स्पिरिट लावू नये. त्याने लाखच सुटते.

आपल्या पावसाळ्यात आणखी दोन शत्रू असतात : बुरशी आणि कसर. लाख टोपीला ताठ ठेवते, पण दमट पेटीत महिनोन् महिने ठेवलेल्या लोकरीला ती वाचवत नाही. तिला अधूनमधून हवा द्यावी लागते.

८. किंमत कोणी मोजली?

टोपीच्या धंद्याने माणसांचे आरोग्यही घेतले. सशाचे केस गुंतावेत म्हणून त्यांवर पाऱ्याच्या क्षाराची प्रक्रिया करत. त्या वाफेने टोपी कामगारांना कंप सुटे, मनावर परिणाम होई. अमेरिकेत ही पद्धत १९४१ मध्ये थांबली. हा इतिहास बऱ्याच पुस्तकांत सापडतो. लाख गोळा करणाऱ्यांचा इतिहास मात्र कमी लिहिला गेला.

लाख गोळा करणारे मुख्यतः गोंड व इतर आदिवासी आणि छोटे शेतकरी होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वनकायद्यांनी जंगलावरचे त्यांचे वहिवाटीचे हक्क आकसले. गोळा केलेली लाख गावच्या बाजारात व्यापाऱ्याला विकली जाई आणि तिचा भाव कलकत्त्यात व लंडनमध्ये ठरे. ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच असल्यामुळे मागणी आणखी वाढली. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधन संस्था स्थापन झाली, यावरून या मालाचे महत्त्व कळते. १९४८ नंतर प्लॅस्टिकच्या तबकड्या आल्या. पुढच्या दोन दशकांत पुरुषांच्या डोक्यावरून हॅटही उतरली. दूरच्या शहरांत फॅशन बदलली आणि पळसाखालच्या माणसाच्या हाती येणारी रोकड घटली. तिकडे काय बदलले, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

त्याच्या स्वतःच्या डोक्यावर खुमरी होती. पळसाची पाने रानातल्या माणसाला पावसापासून वाचवत आणि त्याच झाडावरची लाख समुद्रापलीकडच्या टोपीला.

९. समारोप

१९५६ मध्ये रायपूर पुनर्रचित मध्य प्रदेशात आणि २००० मध्ये छत्तीसगड राज्यात आले. लाखेचे पीक मात्र सुरूच आहे. आज ती औषधी गोळ्यांच्या व फळांच्या चकाकीसाठी, पॉलिशसाठी आणि बांगड्यांसाठी वापरली जाते. २०१३-१४ पासून लघु वनोपजांच्या किमान आधारभूत किमतीच्या केंद्रीय योजनेत लाखेचा समावेश आहे. बाजाराच्या लहरीचा सगळा भार गोळा करणाऱ्यावर पडू नये, ही या योजनेमागची कल्पना शंभर वर्षे आधी आली असती तर बरे झाले असते.

फेल्ट हॅट पावसात टिकली ती टोपीवाल्याच्या कसबामुळे, हे खरे आहे. पण त्या कसबाला लागणारा माल कोणी, कोणत्या पावसात आणि कोणत्या भावाने पुरवला, हे विचारल्याशिवाय तिचा इतिहास पूर्ण होत नाही. घरातील कोणतीही जुनी वस्तू हातात घेऊन हाच प्रश्न विचारता येतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. घोंगडी आणि फेल्ट हॅट या दोन्ही लोकरीच्या असूनही पावसात त्यांचे वर्तन वेगळे का होते?
२. सरसाऐवजी लाख वापरल्याने टोपीच्या टिकाऊपणात कोणता फरक पडला? कारणे द्या.
३. कृत्रिम रंग, रेल्वे आणि ग्रामोफोन यांचा लाखेच्या व्यापारावर झालेला परिणाम स्पष्ट करा.
४. आपल्या परिसरातील पावसाळी शिरस्त्राणांची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवा. त्यांचा कच्चा माल, ती बनवणारे कारागीर आणि ती वापरातून जाण्याची कारणे नोंदवा.