मार कोण खातो? : 'खाणे' या क्रियापदाविषयी

मराठीवरील फारसीच्या प्रभावाची चर्चा सहसा नामांपाशी सुरू होते आणि नामांपाशीच संपते. शिवकाळात रघुनाथपंडितांनी सिद्ध केलेल्या राजव्यवहारकोशाने कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. माधव ज्यूलियनांचा फार्शी-मराठी कोश १९२५ साली निघाला, तोही मुख्यत्वे शब्दांचाच हिशेब मांडतो. या तपासणीतून एक क्रियापद निर्धास्तपणे निसटले, कारण ते अस्सल घरचे होते. संस्कृत 'खाद्', प्राकृत 'खाइ', मराठी 'खाणे' ही वंशावळ निर्विवाद आहे. मात्र शब्द घरचा असला तरी त्याची वागणूक घरचीच असेल, असे नाही.

फारसीत 'खुर्दन' म्हणजे खाणे. पाणी पिण्यालाही तेथे हेच क्रियापद चालते ('आबखोरा' हे पाणी पिण्याच्या भांड्याचे नाव त्यातूनच आलेले). या 'खुर्दन'ने अनेक वाक्प्रचार घडवले. 'ग़म खुर्दन' म्हणजे दुःख करणे. हिंदी-उर्दूत त्याचे 'ग़म खाना' झाले आणि अर्थ सरकला : दुःख गिळून गप्प राहणे. मराठीत 'गम खा' म्हणताना दुःखाचा मागमूसही उरत नाही; जरा दमाने घे, थांब, एवढेच. तीन भाषांतून जाताना शोकाचा संयम झाला आणि संयमाची नुसती सबुरी. 'गोता खाणे' आणि 'हवा खाणे' यांचेही फारसी सोयरे सहज ओळखू येतात.

शपथेचे प्रकरण अधिक रंजक आहे. फारसीत 'सौगंद खुर्दन' म्हणजे शपथ घेणे. 'सौगंद'चा संबंध अभ्यासक अवेस्तातील गंधकवाचक शब्दाशी जोडतात. आरोपीला गंधकमिश्रित पाणी पाजून त्याचा खरेखोटेपणा ठरवण्याची चाल होती, म्हणून शपथ ही खरोखरच 'प्यायची' वस्तू. आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितलेल्या पाच दिव्यांपैकी कोशदिव्यातही देवतेच्या स्नानाचे तीर्थ प्यावे लागे. तरीही मराठी माणूस सहसा शपथ घेतो, वाहतो, घालतो; हिंदी भाषक मात्र ती खातो. हिंदीत 'ठोकर' खातात, मराठीत ठेच लागते. हिंदीत 'तरस' खातात, मराठीत कीव येते. म्हणजे मराठीने सरसकट उसनवारी केली नाही. तिने निवडून घेतले.

जे घेतले त्यात 'खोर' हा प्रत्यय सर्वांत चिवट ठरला. हा 'खुर्दन'चाच अंश. 'हरामखोर' म्हणजे निषिद्ध ते खाणारा. 'लाचखोर' या शब्दात लाच भारतीय आणि खाणे फारसी. पुढे प्रत्ययातला घास संपला आणि सवय तेवढी उरली. भांडखोर भांडण खात नाही आणि दंगेखोर दंगा खात नाही. 'बंडखोर कविता' हा शब्दप्रयोग तर आपण वर्गात इतक्या सहजतेने करतो, की त्यात कोणे एके काळी कुणी तरी जेवत होते हे ध्यानातही येत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. सगळे श्रेय फारसीला देऊन टाकण्याचा मोह होतो, आणि तो चुकीचा आहे. तेलुगू आणि कन्नडमध्येही मार 'खाल्ला' जातो, लाचही खाल्ली जाते. तुर्की भाषेत तेच घडते. चिनी माणूस नुकसान खातो आणि मत्सर वाटला तर व्हिनेगर खातो! २००६ साली प्रशांत परदेशी, पीटर हूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आशियाई भाषांतील अशा प्रयोगांचा भौगोलिक नकाशा मांडण्याचा प्रयत्न केला, तो म्हणूनच मोलाचा. शिवाय संस्कृत 'भुज्' धातूत खाणे, उपभोगणे आणि सोसणे हे तिन्ही अर्थ पूर्वीपासूनच नांदत होते. आपले 'भोगणे' तेथलेच. जमीन तयार होती, फारसीने त्यात काही बी टाकले, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

मला स्वतःला यातले व्याकरण अधिक विचार करायला लावते. 'त्याला मार बसला' या वाक्यात 'तो' निव्वळ सोसणारा आहे. 'त्याने मार खाल्ला' म्हणताच 'ने' प्रत्यय लागून तो कर्ता होतो. वास्तविक त्याने केले काहीच नाही. पण व्याकरण त्याला सहनशक्तीचे श्रेय देते. बोलणी खाणे आणि बोलणी बसणे यांतही हाच फरक आहे. १९४२च्या आंदोलनातल्या कुणी 'लाठ्या खाल्ल्या' म्हटले, तर त्यात तक्रार नसते, अभिमान असतो. 'लाठ्या बसल्या' म्हटले की तो अभिमान विरतो.

हाच 'ने' दुसऱ्या टोकाला उलटे काम करतो. चौकशी-अहवालाच्या भाषेत 'गैरव्यवहार झाला' असते. तेथे कर्ता नसतोच. पारावर बसलेला माणूस मात्र सांगतो, 'त्याने पैसे खाल्ले.'